आधी पाणी शोधा, मग भेग बुजवा



घरात तूरडाळ किती उरली आहे, लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर आहे, आयंबिलाची भांडी कोठे ठेवली आहेत, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण नळाचे पाणी कोणत्या भिंतीतून जाते, कोणता कॉक बंद केल्यावर काय बंद होते आणि मोरीचे पाणी शेवटी कोठे पडते, असे विचारले तर बहुतेकजणी म्हणतात, "ते यांना माहीत." यांना विचारले तर ते म्हणतात, "ते प्लंबरला माहीत." आणि प्लंबर दर वेळी नवा असतो. तो येतो, भिंतीला कान लावतो आणि म्हणतो, "फोडून बघावं लागेल."

माझे मत असे की घराचे पाणी समजून घेणे हे घरातल्या बाईचे काम आहे. जसा हिशेब समजून घेणे, तसेच हे. आणि आपल्या जालन्यात तर ते पाया समजून घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे पायाची भेग आणि नळाची गळती ही दोन वेगळी दुखणी नाहीत. बहुतेक लोक भेगेसाठी गवंडी बोलावतात आणि गळतीसाठी प्लंबर. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचे असते ते घरातल्या माणसाने.

माती काय करते

आपली जमीन काळी आहे. कापसाची काळी माती म्हणतो ती हीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला आणि तो झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण पापुद्र्यांसारखे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ती फुगते. पाणी निघून गेले की आक्रसते. वैशाखात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्याच जागी चिखल असतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. तीच माती आपल्या घराखाली आहे. फरशी घातली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही.

आता गॅरेजच किंवा पोर्चच का तडकते? घर तर धड उभे असते. याची तीन साधी कारणे आहेत. पहिले, गॅरेज हलके असते. दोन मजली घराचे वजन मातीला दाबून धरते, गॅरेजची एक वीट जाडीची भिंत धरू शकत नाही. माती फुगली की तिला वर उचलते. म्हणूनच कंपाउंडची भिंत, पायऱ्या, तुळशीचा कट्टा आणि गॅरेज आधी तडकतात. दुसरे, गॅरेज बहुधा नंतर बांधलेले असते आणि त्याचा पाया घराच्या पायाइतका खोल नसतो. वरची माती ऋतूप्रमाणे जास्त हलते, खोलवरची कमी. तिसरे कारण पाण्याचे. गॅरेज घराच्या कडेला असते आणि घरातले सगळे पाणी कडेलाच येऊन पडते. टाकीचा ओव्हरफ्लो, वॉशिंग मशीनचा पाइप, गाडी धुतलेले पाणी, पावसाची पन्हाळ, सगळे तिथेच. घराच्या मध्याखालची माती वर्षभर साधारण एकसारखी ओलसर राहते. कडेची माती एकदा चिंब होते, एकदा ठणठणीत कोरडी. एक टोक वर जाते, दुसरे जागेवर राहते, आणि मध्ये भिंत फाटते.

या मातीवर आपल्या देशात चांगले संशोधन झालेले आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली घंटेसारखा फुगीर भाग असलेले पाइल सुचवले. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तेवढ्या खोलीवर ऋतूप्रमाणे होणारा ओलाव्याचा फरक फारसा पोहोचत नाही. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर नीट दाबून दिला तर खालच्या मातीची उचल बरीच रोखता येते. आपले जुने गवंडी काळी माती काढून मुरूम भरायचे, त्यामागेही अशीच समज होती. म्हणजे उपाय आहेत. पण ते बांधण्याच्या आधीचे आहेत. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांच्या हातात एकच गोष्ट उरते, मातीचा ओलावा शक्यतो सारखा ठेवणे. आणि तो पाण्याशिवाय कशावर अवलंबून नसतो.

आपले गाव सळईचे आहे. त्यामुळे कोणी भेग दाखवली की चार जण सांगतात, "जाड सळई टाकून पुन्हा बांधा." सळई भिंतीला बळ देते, मातीला कोरडे ठेवत नाही. खालचे पाणी तसेच राहिले तर नवे गॅरेजही तडकेल, फक्त जास्त पैसे खर्चून.

महासतीजींच्या प्रवचनात आपण नावेचा दृष्टांत किती वेळा ऐकला आहे. नावेला भोक पडले आहे, पाणी आत येत आहे. भोक तसेच ठेवून कितीही पाणी उपसले तरी नाव बुडणारच. आधी भोक बुजवायचे, मग साचलेले पाणी उपसायचे. आधी संवर, मग निर्जरा. घराच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. दिवाळी तोंडावर आली की भेग सिमेंटने भरतो, पुट्टी लावतो, रंग देतो. वैशाखात ती पुन्हा उघडते आणि आपण गवंड्याला दोष देतो.

आमच्या घरात काय सापडले

आम्ही सध्या राहतो ते घर बांधलेले घेतले. घर सोळा वर्षांचे होते आणि गॅरेज आधीच्या मालकांनी नंतर जोडलेले. एप्रिलमध्ये घर आणि गॅरेज यांच्या सांध्यात रुपयाच्या नाण्याची कड सहज जाईल एवढी फट होती आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीवर पायऱ्यांसारखी, विटांच्या सांध्यांमधून चढत गेलेली एक भेग होती. एक गवंडी म्हणाला, टोचून सिमेंट भरू. दुसरा म्हणाला, पाडून बांधू. दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. मी बी. कॉम. झालेली बाई. मला शिकवले आहे की ताळा लागत नसेल तर आधी नोंद शोधा, मग दुरुस्तीची नोंद करा. म्हणून मी दोघांनाही थांबवले.

या घरात जिन्याखाली एक पितळी कॉक होता. तो कशाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बंद केला तरी घरातला एकही नळ थांबत नव्हता. माझे म्हणणे असे होते की ज्या कॉकने काहीच थांबत नाही तो कॉक कशाला तरी पाणी देतच असणार, फक्त आपल्याला ती जागा दिसत नाही.

मग मी पाण्याचा जमाखर्च मांडला. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली. सकाळी पातळी तिथेच. हौदात काठी घालून मोजले, तेथेही फरक नाही. म्हणजे टाकीनंतरच्या पाइपात गळती नाही आणि हौदही शाबूत. तरी गॅरेजचा एक कोपरा अधूनमधून ओलसर व्हायचा. वहीत तारखा लिहिल्यावर उलगडा झाला. ज्या दिवशी नळाला पाणी यायचे त्याच्या दुसऱ्या दिवशी कोपरा ओला. जालन्यात नळाला पाणी काही दिवसांआड येते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे गळती हौदाच्या अलीकडे होती, नगराच्या लाइनपासून हौदापर्यंतच्या तुकड्यात, आणि ती फक्त पाणी येईल तेवढा वेळच वाहत होती.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तो पितळी कॉक बंद ठेवला. कोपरा कोरडा राहिला. मग प्लंबरला बोलावले आणि काय शोधायचे ते नेमके सांगितले. निघाले असे की पूर्वी बागेत एक नळ होता. गॅरेज बांधताना नळ काढला, पण त्याची लोखंडी लाइन तशीच जमिनीत ठेवून वर कोबा केला. सोळा वर्षांत तिचा सांधा गंजून गेला होता. प्लंबरने लाइन कॉकच्या जवळच कापून टोकाला प्लग लावला. एकही फरशी फोडावी लागली नाही. टाकीचा ओव्हरफ्लो आणि मशीनचे पाणी त्याच कोपऱ्यात पडत होते, तेही पाइप लावून चेंबरपर्यंत नेले.

भेग तेव्हा बुजवली नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा केल्या आणि वर्षातून चार वेळा मोजले. आपल्याला वेगळी तारीख लक्षात ठेवायची गरज नाही. अक्षय तृतीयेला, म्हणजे वर्षीतपाच्या पारण्याच्या वेळी, माती सर्वांत कोरडी असते. पर्युषणात ती चिंब असते. दिवाळी आणि महावीर जयंती मधल्या नोंदींना. पहिल्या वर्षी भेग उघडमीट करत राहिली. दुसऱ्या वर्षी तो फरक निम्म्याहून कमी झाला. त्यानंतर सांध्यात सिमेंट न भरता रबरासारखे लवचिक सीलंट भरले, कारण जुने घर आणि नवे गॅरेज थोडे वेगवेगळे हलणारच. आजही वैशाखात तेथे केसाएवढी रेघ दिसते. मला तिची काळजी वाटत नाही. तिचे कारण मला माहीत आहे.

भेग कशी वाचायची

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात भिंतीला भेग म्हटले की आपला जीव घाबरतो, आणि ते साहजिक आहे. पण प्रत्येक भेग सारखी नसते.

गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर गिलावा लवकर वाळला एवढाच अर्थ. कॉलम आणि विटेची भिंत मिळते तेथे सरळ उभी रेघ असेल तर दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या आक्रसल्या. गिलाव्याच्या आत जाळी लावून ते काम होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी गेलेली भेग मात्र पाया हलल्याची खूण असते. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीचे एक टोक खाली बसते आहे किंवा मधला भाग वर उचलला जातो आहे. खाली रुंद असेल तर मधला भाग खचतो आहे. गॅरेजची फरशी मध्येच फुगून वर आली असेल तर तिच्याखाली पाणी आहे.

कॉलमला किंवा बीमला भेग असेल, गंजाचे तांबूस डाग असतील, सळई दिसत असेल, भेगेतून पलीकडचा उजेड दिसत असेल, दारे-खिडक्या अडकू लागल्या असतील किंवा भेग महिन्यागणिक वाढत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गवंड्याला नव्हे. अशा वेळी वर्षभर मोजत बसायचे नसते.

अनोळखी पाइपांची ओळख

जुन्या जालन्यात सासूबाईंचे माहेर होते. तेथे परसात आड, न्हाणीच्या बाहेर उघडी मोरी, तिचे पाणी केळीच्या आळ्यात. पाणी कोठून आले आणि कोठे गेले हे चार वर्षांच्या मुलालाही दिसायचे. आता सगळे भिंतीत गाडले गेले आहे. घर सुंदर दिसते, पण आंधळे झाले आहे.

तरी पाइप ओळखणे अवघड नाही. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्याचा, तो गरम पाण्याला चालत नाही. मळकट पिवळसर सीपीव्हीसी गरम आणि थंड दोन्ही पाण्याला चालतो, म्हणून गीझरकडे तो जातो. राखाडी जाड पाइप सांडपाण्याचा आणि संडासाचा. काळा लवचिक पाइप बहुधा बाहेरच्या लाइनपासून हौदापर्यंतचा. जुने लोखंडी जीआय पाइप आतून गंजतात. नळाला पाण्याची धार बारीक झाली, सकाळचे पहिले पाणी तांबूस आले, तर ते जीआय पाइप समजा.

कोणता पाइप कोठे जातो हे कळायला मी दोन गोष्टी केल्या. एकेक कॉक बंद करून घरभर नळ सोडून पाहिले आणि ज्या कॉकने जे थांबले त्याचे नाव कॉकला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून लिहिले. सांडपाण्यासाठी चेंबरची झाकणे उघडून नातवाला तेथे उभे केले आणि मी एकेका मोरीत हळदीचे पाणी ओतत गेले. ज्या चेंबरात पिवळे आले ती मोरी त्या चेंबरची. एका दुपारी घराचा नकाशा तयार झाला. नातवाला तर सुट्टीतला खेळ झाला.

फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर फ्लश गळतो आहे. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर, हे लक्षात ठेवा. रात्रीतून तीन सेंटीमीटर उतरले तर तीस लिटर कोठेतरी गेले.

थोडे म्हणू नका. पाच मिनिटांत दोनशे मिलिलिटरचा एक पेला भरेल एवढी बारीक धार असेल तर तासाला बारा पेले, दिवसाला सत्तावन्न लिटरपेक्षा जास्त, महिन्याला सतराशे लिटरच्या वर. दोनशे लिटरची जवळजवळ नऊ पिंपे. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला होता आणि टँकरच्या पाण्यासाठी रांगा लागल्या होत्या, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना एका पिंपाची किंमत सांगावी लागत नाही.

माझी भाची अमेरिकेत टेक्सासात आहे. तेथेही अशीच फुगणारी माती आहे आणि लोक उन्हाळ्यात पायाभोवती सच्छिद्र पाइप टाकून रोज थोडे पाणी देतात, म्हणजे माती आक्रसत नाही. ऐकून मला हसू आले. आपल्याला ते परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही. आपण उलट बाजूने तेच साधू शकतो. घराभोवती दोन-तीन फुटांची उताराची फरसबंदी करायची, म्हणजे पावसाचे पाणी पायाशी मुरत नाही. आळी आणि कुंड्या भिंतीला चिकटून ठेवायच्या नाहीत. मोठी होणारी झाडे भिंतीपासून दूर लावायची, म्हणजे पुढे मुळे पायाखालचे पाणी शोषत नाहीत आणि झाड तोडण्याचे पाप येत नाही.

जयणा जमिनीखालीही हवी

आता धर्माचे बोलते, कारण हा विषय धर्माबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

आपण पाणी गाळून पितो, उकळून पितो. पाण्याला अप्काय म्हणतो, त्याच्या थेंबात असंख्य जीव मानतो. अंघोळीला तांब्या मोजून घेणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. आणि त्यांच्याच घराखाली महिन्याला नऊ पिंपे पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता जात असेल तर? ज्यात आपला काही हेतू नाही, काही लाभ नाही, अशी हिंसा म्हणजे अनर्थदंड. श्रावकाच्या बारा व्रतांत त्याच्या विरमणाचे एक व्रत आहे.

साधू-साध्वी काहीही परठवताना जागा पाहतात, जीवजंतू नाहीत ना याची खात्री करतात. परठण्याची ती पाचवी समिती आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. आपण मात्र मशीनचे साबणाचे पाणी कोठे परठतो हे बघत नाही. ओल साचली की तेथे शेवाळ येते, गांडुळे येतात, मुंग्या येतात, शेवटी वाळवी येते. मग औषध मारणारा माणूस बोलवावा लागतो आणि आपण डोळे मिटून हजारो त्रस जीवांचा घात करवतो. कोपरा कोरडा ठेवला असता तर ते जीव तेथे आलेच नसते. कोरडी जागा ही आपली खरी कीटकनाशक आहे. मोरीत ॲसिड ओतण्याबद्दलही माझे हेच म्हणणे आहे.

आणखी एक गोष्ट आरोग्याची. दिवसांआड पाणी येते तेव्हा मधल्या काळात लाइन रिकामी असते. तिला जेथे भोक आहे तेथून बाहेरची घाण आत शोषली जाते. शेजारून गटार जात असेल तर तेच पाणी पुढच्या वेळी हौदात येते. कावीळ आणि जुलाब असेच घरात येतात. कापडी गाळण्याने ते थांबत नाही. उकळणे चालू ठेवाच, पण भोकही शोधा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. सेप्टिक टाकी किंवा खोल चेंबर तुंबला म्हणून कोणत्याही माणसाला आत उतरवू नका. आतल्या वायूने दोन मिनिटांत माणूस जातो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने असे धोकादायक काम करवून घेणे गुन्हा आहे. कायदा नसता तरी आपल्याला ते चालले नसते. शोषून घेणारी गाडी बोलवा. "तो म्हणाला मी उतरतो" हे उत्तर होत नाही. मुंगी वाचवणाऱ्या घराच्या दारात पंचेंद्रिय जीव धोक्यात घालायचा का?

हे बाईचे काम कसे?

काही भगिनी म्हणतील, ही पुरुषांची आणि इंजिनिअरची कामे, आपण त्यात कशाला पडा. गवंड्यालाही बाईने मध्ये बोललेले आवडत नाही. मला मान्य आहे, इंजिनिअरचे काम आपण करू शकत नाही. पण डॉक्टरकडे गेल्यावर ताप कधीपासून, किती, खाल्ले काय, हे सांगणारी आईच असते. घराचा ताप सांगणारीही तीच असायला हवी, कारण दिवसभर घरात तीच असते. ओल तिलाच आधी दिसते, वास तिलाच आधी येतो.

आमच्या मंडळातल्या एका भगिनीचे यजमान गेल्या वर्षी अचानक गेले. बारा दिवसांनी पाहुणे पांगले आणि पुढच्याच आठवड्यात रात्री स्वयंपाकघरातला पाइप सुटला. मुलगा पुण्यात. मुख्य कॉक कोठे आहे हे फक्त यजमानांना ठाऊक होते. शेजाऱ्यांनी धावपळ करून गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत बादल्या भरल्या. धान्याची कोठी भिजली, पण त्या मला म्हणाल्या ते वेगळेच. "ताई, त्या रात्री मला वाटलं की मी माझ्याच घरात पाहुणी आहे." बँकेचे, विम्याचे कागद आपण आता विचारून घेतो. घराच्या कॉकचेही विचारून घ्यायला हवे. ते विचारण्यात अशुभ काही नाही.

म्हणून मी सांगते, एक वही करा. पहिल्या पानावर घराचा साधा आराखडा, त्यावर हौद, टाकी, मोटर, प्रत्येक कॉक, प्रत्येक चेंबर. पुढे भेगांच्या नोंदी, तारखेसह. कोणी काय दुरुस्त केले, किती पैसे घेतले. नवे घर बांधत असाल तर गिलावा आणि फरशी होण्याआधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपांचे टेप लावून फोटो काढा. ते फोटो मोबाइलमध्ये हरवतात, छापून वहीत चिकटवा. घर विकाल तेव्हा किल्ल्यांबरोबर वहीही द्या. आमच्या आधीच्या मालकांनी एका ओळीत "बागेचा जुना नळ गॅरेजखाली" असे लिहून ठेवले असते तर इतके शोधावे लागले नसते. आणि ही वही सुनेला दाखवा, मुलीला दाखवा, नातवालाही दाखवा.

अक्षय तृतीया होऊन गेली आहे. माती आत्ता सर्वांत कोरडी आहे, म्हणजे भेगा आत्ता सर्वांत रुंद दिसतील. मृगाचा पाऊस पडला की त्या मिटतील आणि आपणही त्यांना विसरून जाऊ. चातुर्मास सुरू झाला की प्रवचन, तप, पर्युषण यांत वेळ कोठे मिळतो? पुढच्या दोन आठवड्यांत एक दुपार काढा. टाकीवर खूण करा, कॉकना चिठ्ठ्या बांधा, भेगेला पेन्सिल लावा. खर्च एका वहीचा.

जय जिनेंद्र.